खोटे मित्र आणि भाषासमिती

फ्रेंच भाषेत 'फोझामी' असा एक शब्दप्रयोग आहे. त्याचा अर्थ 'खोटे मित्र'. दोन भाषांत रूपाने सारखे दिसणारे, पण अर्थाने भिन्न असणारे शब्द म्हणजे हे खोटे मित्र. इ. स. १०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले आणि पुढील काही शतकांत हजारो फ्रेंच शब्द इंग्रजीत आले. एका घरातील भावंडे दोन घरी वाढावीत, तसे यांतील अनेक शब्द पुढे वेगळे झाले. चेहरा तोच राहिला, स्वभाव बदलला. त्यामुळे फ्रेंच मनुष्य इंग्रजी लिहू लागला की ओळखीच्या शब्दापाशीच तो अडखळतो.

मुंबईतील एका कापड-निर्यात पेढीत फ्रान्समधील ग्राहकांचा इंग्रजी पत्रव्यवहार अनेक वर्षे माझ्याकडे होता. एकदा एका जुन्या ग्राहकाने लिहिले की, नमुने लवकर पाठवावेत अशी आपली 'डिमांड' आहे, आणि मोठी ऑर्डर आपण 'इव्हेंच्युअली' देऊ. पहिल्या वाक्याने आमचे शेठजी दुखावले. इतक्या वर्षांच्या संबंधांत असा हुकूम कधी आला नव्हता. दुसऱ्या वाक्यावर विसंबून मात्र ते सुताची आगाऊ खरेदी करावयास निघाले. वस्तुतः फ्रेंच 'दमांदे' म्हणजे केवळ विचारणे, विनंती करणे. आणि 'एव्हाँत्युएलमाँ' म्हणजे जमल्यास, कदाचित. इंग्रजीत मात्र 'इव्हेंच्युअली' म्हणजे उशिरा का होईना, अखेर. विनंतीचा हुकूम झाला होता आणि शक्यतेचे वचन. मी ग्राहकाला पत्राने खुलासा विचारला. ऑर्डरचे अद्याप काहीच ठरलेले नाही, असे उत्तर आले. सुताची खरेदी थांबली आणि शेठजींचा रागही निवळला.

अशी उदाहरणे पुष्कळ आहेत. सभेला केवळ उपस्थित राहिलेला फ्रेंच गृहस्थ आपण सभेला 'असिस्ट' केले असे सांगतो. 'सध्या' म्हणावयाचे असता तो 'ॲक्च्युअली' म्हणतो. पुस्तकांच्या दुकानाला 'लायब्ररी' म्हणतो. वय सांगताना 'माझ्याजवळ वीस वर्षे आहेत' अशा अर्थाची रचना करतो, कारण त्याच्या मातृभाषेत वय 'असते' असे नव्हे, तर ते माणसाजवळ असते. 'मी येथे तीन वर्षांपासून राहतो' हे वाक्य फ्रेंचमध्ये मराठीप्रमाणेच वर्तमानकाळात येते; म्हणून 'आय लिव्ह हिअर सिन्स थ्री इयर्स' ही चूक पॅरिसमध्ये ऐकू येते, तशी सांगलीतही. या चुका अज्ञानाच्या म्हणता येत नाहीत. बोलणारा आपल्या मातृभाषेचे नियम निष्ठेने पाळत असतो, एवढेच.

आपल्या शास्त्रकारांनी हित, मित आणि असंदिग्ध बोलण्यास भाषासमिती म्हटले आहे. मुनींसाठी सांगितलेल्या पाच समित्यांपैकी ही एक असली, तरी पेढीवर बसणाऱ्या श्रावकालाही ती उपकारक आहे. परंतु असंदिग्धतेचा सारा भार बोलणाऱ्यावरच का टाकावा? शब्द कोणत्या अपेक्षेने आला, हे पाहण्याचे कर्तव्य ऐकणाऱ्याचेही आहे.

हे आपण तरी विसरू नये, कारण आपल्याच एका शब्दाच्या वाट्याला हे दुःख आले आहे. स्याद्वादातील 'स्यात्' म्हणजे 'कथंचित्', एका विशिष्ट अपेक्षेने. परंतु व्यवहारातील संस्कृतात 'स्यात्' म्हणजे 'असेल, असू शकेल'. तोच अर्थ येथे लावून अनेकांनी स्याद्वादाला संशयवाद ठरविले. एका निश्चयात्मक सिद्धांतावर अनिश्चिततेचा आरोप आला, तो एका खोट्या मित्रामुळे.

आज आपली मुले शिक्षणासाठी आणि व्यापारासाठी दूरदेशी जातात. परक्याच्या पत्रातील एखादा शब्द बोचला, तर उत्तर धाडण्यापूर्वी 'आपणांस नेमके काय म्हणावयाचे आहे?' एवढे त्यांनी अवश्य विचारावे. राग आवरण्यास क्षमा लागते. पण आधी विचारले, तर पुष्कळदा रागाचे कारणच उरत नाही.