हिरव्या काचेतून भीमबेटका

भोपाळला गेलं की माझ्या दोन गोष्टी ठरलेल्या असतात. एक म्हणजे बड्या तालाबवरची संध्याकाळ, आणि दुसरी म्हणजे काकांचं कपाट. काका भेलमध्ये नोकरीला लागले तेव्हापासून भोपाळचे झाले आणि निवृत्तीनंतरही तिथेच राहिले. त्यांच्या कपाटात जुना पेंटॅक्स कॅमेरा आहे आणि एका चपट्या डब्यात पाच गोल रंगीत काचा आहेत: पिवळी, नारिंगी, लाल, हिरवी आणि निळी. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही भावंडं त्या डोळ्यांसमोर धरून अंगणभर फिरायचो. लाल काचेतून तुळस काळी दिसायची, याचं फार नवल वाटायचं.

गेल्या डिसेंबरात गेलो तेव्हा काकांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन दोन महिने झाले होते. डाव्याचं बाकी होतं. मी बॅग ठेवतो न ठेवतो तोच म्हणाले, "उद्या भीमबेटकाला जायचं. एक काम चाळीस वर्षं राहिलंय."

ते काम काय, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. १९८३ साली काका-काकू स्कूटरवरून भीमबेटकाला गेले होते. कॅमेऱ्यात ब्लॅक अँड व्हाइट रोल होता. चित्रं लाल आहेत, तर लाल फिल्टर लावला की ती आणखी उठून दिसतील, असा काकांचा हिशेब. रोल धुऊन आला आणि छत्तीसच्या छत्तीस फोटोंत नुसते खडक! "अहो, चित्रं कुठं आहेत?" असं काकूने विचारलं, आणि पुढे जन्मभर पाहुण्यांना तो अल्बम 'आमच्या ह्यांचे दगड' म्हणून दाखवला. काकू जाऊन आता तीन वर्षं झाली.

भीमबेटका भोपाळपासून साधारण ४५ किलोमीटरवर, रायसेन जिल्ह्यात आहे. ओबेदुल्लागंज मागे पडलं की सागाच्या जंगलात उंच खडकांची रांग दिसू लागते. १९५७ साली विष्णु श्रीधर वाकणकर यांना आगगाडीतून जाताना हेच खडक दिसले. ते उतरले, चालत तिथवर गेले, आणि प्रागैतिहासिक चित्रांचा एक मोठा खजिना जगासमोर आला. वाकणकर १९१९ साली नीमचला मराठी घरात जन्मले आणि पुढे उज्जैनला स्थायिक झाले. ते पुरातत्त्वज्ञ होते तसेच चित्रकारही होते, त्यामुळे खडकावरची चित्रं त्यांनी स्वतःच्या हाताने उतरवून घेतली. १९७५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २००३ साली भीमबेटका युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. आपण मराठी मंडळी अजिंठा-वेरूळ पाहून येतो, पण हे आपल्याच माणसाने उजेडात आणलेलं ठिकाण आपल्यातल्या अनेकांच्या यादीत नसतं.

सकाळच्या उन्हात आम्ही 'झू रॉक' नावाच्या खडकापाशी पोचलो. हत्ती, सांबर, हरणं, गवे अशी एकावर एक काढलेली चित्रं. काही पांढरी, काही लाल. एका काळातल्या माणसाने काढलेल्या चित्रावर पुढच्या काळातल्या माणसाने आपलं चित्र काढलेलं. डोळ्यांना नुसता गुंता दिसतो.

काकांनी डबा उघडला आणि लाल काच माझ्या हातात दिली. "बघ."

मी एक डोळा मिटून बघितलं. लाल चित्रं जवळजवळ पुसली गेली! पांढरी तेवढी राहिली.

"आता ही."

हिरवी काच लावली आणि तीच लाल चित्रं गडद होऊन पुढे आली. जिथे मला नुसता डाग दिसत होता, तिथे शिंगं आणि चार पाय दिसले.

कारण अगदी साधं आहे. ही लाल चित्रं गेरूची, म्हणजे लोहाच्या ऑक्साइडची आहेत. गेरू लाल प्रकाश परत पाठवतो, हिरवा आणि निळा शोषून घेतो. लाल काचेतून फक्त लाल प्रकाश येतो, आणि तो गेरूही देतो व तांबूस खडकही देतो. दोघं सारखेच उजळ दिसले की चित्र हरवतं. हिरव्या काचेतून खडकाकडचा हिरवा प्रकाश येतो, पण गेरूकडून फारसा येत नाही, म्हणून चित्र काळं दिसतं. रंगीत काच स्वतः काहीच रंग भरत नाही, ती फक्त काही अडवते. काय अडवायचं हे बरोबर निवडलं, तर उरलेलं नीट दिसतं.

शिवाय यात खडकाला हात लागत नाही. पूर्वी फिकट चित्रं दिसावीत म्हणून अनेक ठिकाणी खडकावर पाणी मारत असत आणि त्याने चित्रांचंच नुकसान होई.

काकांनी कॅमेऱ्यावर हिरवा फिल्टर चढवला. हा फिल्टर बराच उजेड खातो, त्यात खडकाची सावली. ट्रायपॉड आणला नव्हता, म्हणून काका माझ्या खांद्यावर कॅमेरा टेकवून म्हणाले, "श्वास धर." मी छत्तीस वेळा श्वास धरला.

मधेच ते थांबले आणि एक-एक डोळा झाकून पांढऱ्या हत्तीकडे बघू लागले. "उजव्याने पांढरा दिसतो. डाव्याने चहा सांडल्यासारखा. अरे, डाव्या डोळ्यात माझ्या पिवळा फिल्टर बसलाय!"

तेही खरंच आहे. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग पिवळसर, पुढे तपकिरी होत जातं आणि निळा प्रकाश अडवतं. हे इतकं हळूहळू होतं की माणसाला कळतच नाही. दोन वर्षं मी फोनवर "ऑपरेशन करून घ्या" म्हणत होतो आणि ते "मला स्वच्छ दिसतंय" म्हणत होते. मला तो हट्ट वाटायचा आणि मी चिडून फोन ठेवायचो. पण ते खोटं बोलत नव्हते. ताडून बघायला त्यांच्याकडे दुसरा डोळाच नव्हता.

रात्री मी माझ्या फोनमधले फोटो लॅपटॉपवर उघडले. डिजिटल कॅमेऱ्यात सेन्सरच्या प्रत्येक बिंदूवर लाल, हिरवा किंवा निळा असा एक इवलासा फिल्टर असतो. कोडॅकच्या ब्राइस बेयर यांनी ही रचना शोधली आणि १९७६ साली तिचं पेटंट मिळालं. त्यात निम्मे फिल्टर हिरवे असतात. मी फोटोचे तीन रंग वेगळे केले. लाल भागात चित्रं गायब, हिरव्या भागात ठसठशीत. यापुढची युक्ती म्हणजे रंगांमधले अगदी बारीक फरक गणिताने ताणून मोठे करणं. उपग्रहांच्या चित्रांसाठी वापरली जाणारी ही पद्धत जॉन हार्मन यांनी 'डीस्ट्रेच' या प्रोग्रॅममध्ये शैलचित्रांसाठी आणली आणि आज जगभरचे अभ्यासक ती वापरतात.

काका मागे उभे राहून बघत होते. म्हणाले, "म्हणजे तुझ्या लॅपटॉपात पण माझीच काच आहे."

रोल धुऊन यायला तीन आठवडे लागले. काही फोटो हलले होते, त्यात माझ्या खांद्याचा दोष होता. बाकीच्यांत हत्ती होते, सांबर होते, आणि भाला घेतलेली माणसंही होती. काकांनी व्हॉट्सॲपवर भिंतीचा फोटो पाठवला. काकूच्या तसबिरीखाली दोन फ्रेम शेजारी-शेजारी आहेत: १९८३चा दगड आणि आत्ताचा हत्ती. खाली लिहिलं होतं, "डाव्या डोळ्याची तारीख घेतली."

तुम्ही मुलांना घेऊन भोपाळला गेलात, तर भीमबेटकासाठी अर्धा दिवस नक्की काढा. महाग फिल्टर नको, स्टेशनरीच्या दुकानातला लाल आणि हिरवा जिलेटिन पेपर खिशात ठेवला तरी पुरे. आणि घरी परतल्यावर आई-बाबांना एक पांढरा कागद दाखवून एक-एक डोळा झाकून बघायला सांगा. "स्वच्छ दिसतंय" म्हणाले तरी वाद घालू नका. सरळ डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन जा.