पाटीवरचं नाव, नोंदवहीतलं नाव

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही मशीनशॉपमध्ये व्हर्नियर उचलून पाहा. त्यावर कॅलिब्रेशनचं बारीक लेबल असतं: तपासणी कधी झाली, पुढची कधी. तारीख उलटलेल्या व्हर्नियरने मोजलेला जॉब इन्स्पेक्शनवाला पास करत नाही. याच वसाहतीतली माणसं आम्हा चिकित्सा मानसशास्त्रज्ञांपुढे येऊन मन मोकळं करतात, तेव्हा आमचं लेबल मात्र कुणी विचारत नाही.

कायदा काही प्रमाणात विचारतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाला 1992च्या कायद्यानुसार भारतीय पुनर्वास परिषदेत नोंदणी करावी लागते. ती ठरावीक काळाने नव्याने करायची, आणि गैरवर्तन सिद्ध झालं तर नाव कमी होऊ शकतं. 2017च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मानसिक आरोग्य व्यावसायिकांच्या व्याख्येत आम्हाला जागा दिली. समुपदेशक त्या व्याख्येबाहेर राहिले. संलग्न आरोग्य व्यवसायांसाठीच्या 2021च्या कायद्याने त्यांनाही यादीत घेतलं, पण प्रत्यक्ष नोंदणीची गाडी रेंगाळलेलीच आहे. तोवर शनिवार-रविवारचा कोर्स करूनही दारावर पाटी लागते.

नोंदणीने अधिकार मिळतो. पुढचं काम संघटनेचं. आमची अखिल भारतीय संघटना 1968 सालची. अधिवेशनं होतात, फोटो निघतात, शाल-श्रीफळही होतं. माझी गरज वेगळी आहे.

एक नेहमीचा प्रसंग सांगतो. फाउंड्रीत ओतीव भाग घासणाऱ्या फेटलिंगवाल्याला कंपनीच माझ्याकडे पाठवते, फीही कंपनीच भरते. तो खाली बघत म्हणतो, "साहेब, दारूचं तेवढं वर कळवू नका." तो गेला की एचआरचा फोन: "माणूस कामाला फिट आहे ना? दोन ओळी लिहून द्या." गोपनीयता कायद्यात आहे, हे मला माहीत असतं. पण त्याच्या हाताखाली ग्राइंडर चालतो, बाजूला दुसरी माणसं उभी असतात. किती सांगायचं, कुणाला, त्याची संमती कशी घ्यायची? अशा वेळी मागे लेखी आचारसंहिता असली आणि फोन उचलणारा एखादा ज्येष्ठ असला, तर "हे आमच्यात बसत नाही" असं ठणकावून सांगता येतं. एकट्या समुपदेशकाची पोटाची भाकरीच त्या कंपनीच्या कंत्राटावर. तो कुणाच्या जोरावर नाही म्हणणार?

असा आधार लांबूनही मिळतो. मुंबईच्या कि. मो. फडके यांनी न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्याशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार केला, त्यांचा विवेकनिष्ठ मानसोपचार आत्मसात केला, मराठीत आणला. एलिस यांच्या संस्थेने त्यांना फेलो आणि पर्यवेक्षक म्हणून मान्यता दिली. टपालावर जे जमलं, ते बेळगाव, निपाणी, कोल्हापूर, धारवाडच्या लोकांना आज मोबाइलवर जमू नये? रुग्ण मराठीत रडतो, घरी कन्नड बोलतो आणि केस मात्र इंग्रजीत मांडायची, हा द्राविडी प्राणायाम तरी त्यातून सुटेल.

निपाणीला विडी कामगार बायांमध्ये काम करणाऱ्या एका समुपदेशक ताईंनी मला विचारलं, एक संघटना वर्गणी मागतेय, भरू का? म्हटलं, आधी दोन गोष्टी विचारा. तुमच्याविरुद्ध तक्रार आली तर कोण ऐकणार, आणि तुमची अवघड केस महिन्यातून एकदा कोण ऐकणार. नुसतं ओळखपत्र आणि फ्रेम करायला प्रमाणपत्र मिळणार असेल, तर पैसे ठेवा तुमच्याकडेच.