हे पेपर नेमके कुणाचे?

स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रियेनंतर होणाऱ्या गळतीवरचा पेपर आणि उसाच्या ऊतीसंवर्धनावरचा पेपर एकाच नावावर जमा असतील, तर वाचणाऱ्याने काय समजावे? संगणकाला त्यात काही वावगे वाटत नाही. आडनाव जुळले, दोन आद्याक्षरे जुळली, शहर जुळले; त्याने दोन्ही पेपर एका खात्यात टाकले, सायटेशनची बेरीज केली आणि एच-इंडेक्स काढून दिला.

पुण्यातल्या एका संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात मी काम करते. पुस्तकांची देवघेव हा आमच्या कामाचा आता लहानसा भाग उरला आहे. बढती असो, अनुदान असो की संस्थेचे मूल्यांकन, संशोधकाला आपले पेपर किती आणि त्यांचे दाखले इतरांनी किती वेळा दिले हे आकड्यांत सांगावे लागते. ते आकडे तपासायचे काम माझ्याकडे येते. वर सांगितलेली यादी त्यातलीच. अर्जदार वनस्पतिशास्त्रज्ञ बाई. आडनाव महाराष्ट्रात गावोगावी सापडेल असे. त्यांच्या खात्यात निम्मे पेपर पोटाच्या शस्त्रक्रियांचे होते आणि त्यांचे स्वतःचे सुरुवातीचे पेपर त्यात नव्हतेच.

असे खाते सोडवायला मी पेपरच्या शेवटापासून सुरुवात करते. शीर्षक फसवते, सारांश फसवतो. संदर्भसूची सहसा फसवत नाही. कोण कोणाचे नाव घेतो यावरून माणूस कुठल्या घरातला ते कळते.

स्वादुपिंडाचे डोके, त्याला बिलगलेले लहान आतड्याचे पहिले वळण, पित्ताशय आणि पित्तनलिकेचे टोक काढायचे आणि उरलेले भाग पुन्हा आतड्याला जोडायचे, या शस्त्रक्रियेला सर्जन नुसते ‘व्हिपल’ म्हणतात. न्यूयॉर्कच्या ॲलन व्हिपल यांनी १९३५ साली दोन सहकाऱ्यांसह तिच्यावर निबंध लिहिला, म्हणून हे नाव. यातला सर्वांत नाजूक टप्पा म्हणजे स्वादुपिंड आणि आतडे यांचा जोड. स्वादुपिंड मऊ असते, टाका नीट धरत नाही, आणि त्याचा रस प्रथिने पचवणारा. जोड गळला तर तो रस पोटात पसरतो आणि रोग्याच्या जिवावर बेतू शकते. पण ‘गळती’ कशाला म्हणायचे यावरच पूर्वी एकमत नव्हते. एका रुग्णालयाच्या हिशोबात जी गळती, ती दुसऱ्याच्या हिशोबात नव्हतीच. २००५ साली सर्जनांच्या आंतरराष्ट्रीय गटाने व्याख्या ठरवली: शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी किंवा पुढे, पोटात ठेवलेल्या नळीतून येणाऱ्या द्रवात अमायलेज या स्वादुपिंडातल्या पाचक द्रव्याचे प्रमाण रक्तातल्या सामान्य मर्यादेच्या तिपटीहून अधिक असेल तर ती गळती. २०१६ मध्ये ती व्याख्या सुधारली; ज्या सौम्य प्रकाराने रोग्याच्या उपचारांत काही फरक पडत नाही त्याला गळती म्हणणे बंद झाले. आज व्हेरोनातला सर्जन असो की मुंबईतला, आपल्या रोग्यांचा ताळेबंद मांडायचा तर या व्याख्येचा दाखला द्यावाच लागतो. शेजारी बहुधा २००४ सालचे क्लेव्हियन आणि डिंडो यांचे गुंतागुंतींचे वर्गीकरण असते. हे दोन दाखले एकत्र दिसले की हा पेपर शस्त्रक्रियागृहातून आला आहे याबद्दल मला फारशी शंका उरत नाही.

दुसऱ्या ढिगात १९६२ सालचा मुराशिगे आणि स्कूग यांचा पेपर दिसतो. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात तंबाखूच्या ऊती भराभर वाढाव्यात म्हणून या दोघांनी क्षार, जीवनसत्त्वे आणि साखर यांचे प्रमाण बसवले. ऊतीसंवर्धनाच्या प्रयोगशाळेत त्या मिश्रणाला ‘एमएस मीडियम’ म्हणतात. केळीचे असो वा उसाचे, काचेच्या बाटलीत रोप वाढवायचे तर सुरुवात बहुधा याच पाककृतीने होते. पुण्याला हे शास्त्र परके नाही. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या नाडगौडा, पाराशरामी आणि मस्करेन्हस यांनी बाटलीतल्या बांबूच्या रोपांना फुले आणली आणि १९९० साली ‘नेचर’मध्ये त्यावर निबंध आला. रानात ज्या बांबूला फुलायला दशके लागतात, तो इथे काही महिन्यांत फुलला होता.

दोन्ही शाखांत सर्वाधिक दाखले कशाला मिळतात ते यावरून दिसते. एकीकडे मोजपट्टीला, दुसरीकडे पाककृतीला. सगळ्या विज्ञानातही तेच आहे. ज्या पेपरचे सर्वाधिक दाखले दिले गेले तो ऑलिव्हर लाउरी आणि सहकाऱ्यांचा १९५१ सालचा आहे. द्रावणात प्रथिने किती ते कसे मोजायचे एवढाच त्याचा विषय. त्याचे दाखले तीन लाखांच्या वर गेले आहेत. उलट, एखादी गोष्ट पूर्ण अंगवळणी पडली की तिचा दाखला देणेच थांबते. ‘व्हिपल केले’ असे लिहिणारा सर्जन १९३५ चा निबंध संदर्भसूचीत क्वचितच घालतो. म्हणजे दाखल्यांची संख्या उपयोग मोजते, आणि तोही अर्धवट. युजीन गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात सायटेशन इंडेक्सची कल्पना मांडली, तेव्हा एखादा विचार पुढे कुणाकुणाकडे गेला याचा माग वाचकाला लावता यावा हा त्यांचा हेतू होता. अमेरिकेतले वकील जुन्या निकालांचा माग अशाच सूचीतून काढत, तिथून त्यांना ती सुचली. माणसाचे मोल ठरवायला ती पुढे वापरली गेली.

२००५ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्श यांनी एच-इंडेक्स सुचवला आणि हे मोल एका आकड्यात मावू लागले. एखाद्याच्या १२ पेपरना प्रत्येकी किमान १२ दाखले असतील तर त्याचा इंडेक्स १२. आता समजा, एका सर्जनचे १२ पेपर आणि एका वनस्पतिशास्त्रज्ञाचे १२ पेपर, प्रत्येकाला २५ दाखले. दोघांचा इंडेक्स १२. खाती एकत्र झाली की तो २४ होतो. कुणी एक ओळ जास्त लिहिलेली नसते. आणि एकाच संशोधकाचे खाते दोन नावांत फुटले तर तेवढेच नुकसान उलट्या दिशेने होते.

मग विषय वेगळा दिसला की खाते तोडावे का? इथे घाई करू नये, आणि का करू नये याचे उत्तर आपल्या घरातच आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी गोव्यात जन्मले. १९४४ साली, पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवण्याच्या काळात, त्यांचा चार पानांचा निबंध ‘ॲनल्स ऑफ युजेनिक्स’मध्ये आला. गुणसूत्रावर दोन जनुके एकमेकांपासून किती अंतरावर आहेत हे संततीत दिसणाऱ्या अदलाबदलीवरून कसे काढायचे, याचे सूत्र त्यात आहे. जनुकशास्त्रज्ञ हाल्डेन यांनी आधी मांडलेल्या सूत्रात गुणसूत्राची एक अदलाबदल दुसरीला अडवत नाही असे धरले होते. कोसंबींनी ती अडवणूक हिशोबात घेतली. भात, गहू, हरभरा अशा पिकांचे जनुकनकाशे काढणाऱ्यांना संगणकावर आजही ‘हाल्डेन की कोसंबी’ असा पर्याय निवडावा लागतो. हेच कोसंबी भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती काढतात, नाण्यांची वजने करतात, १९५६ मध्ये भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची दिशा बदलणारे पुस्तक लिहितात. शिवाय काही गणिती पेपर त्यांनी एस. ड्यूक्रे या टोपणनावाने छापले. आणि वडील धर्मानंद कोसंबी पाली आणि बौद्ध वाङ्मयाचे मोठे पंडित, म्हणजे सूचीत तेही ‘कोसंबी डी.’. विषयावरून माणसे ओळखणाऱ्या यंत्राने मुलाचे चार तुकडे केले असते आणि त्यांतला संस्कृतचा तुकडा बहुधा वडिलांना जोडला असता. जगदीशचंद्र बोस यांचीही तीच गत झाली असती. रेडिओलहरींचे बोस आणि वनस्पतींच्या प्रतिसादाचे बोस त्याने दोन माणसे म्हणून नोंदवले असते.

त्या बाईंच्या यादीतही असा एक फसवा पेपर होता. विषय ट्रिप्सिन. ट्रिप्सिन हे स्वादुपिंडात तयार होणारे पाचक द्रव्य, म्हणून शीर्षक वाचून तो सर्जनचा वाटला. पण डाळवर्गीय पिकांच्या दाण्यांत ट्रिप्सिनला रोखणारी प्रथिने असतात. दाणा खाणाऱ्या अळीचे पचन त्यांनी बिघडते आणि पिकाचे रक्षण होते. पेपर त्यावर होता. संदर्भसूचीत सगळी हरभऱ्यावरची घाटेअळी आणि तिच्या आतड्यातली द्रव्ये. रुग्ण नाही, नळी नाही, नीतिसमितीची परवानगी नाही. पेपर बाईंचाच होता.

त्यांच्या गहाळ पेपरांचे कारण मला विचारावेसुद्धा लागले नाही. आपल्याकडे लग्नानंतर बाईचे आडनाव बदलते, मधले नाव वडिलांचे जाऊन नवऱ्याचे येते आणि पुष्कळ घरांत पहिले नावही बदलले जाते. तिन्ही बदलली की सूचीच्या दृष्टीने एक संशोधक संपते आणि दुसरी शून्यापासून सुरू होते. पीएचडीची पाच-सहा वर्षे, पहिले पेपर, कधी आयुष्यातले सर्वांत चांगले काम माहेरच्या नावावर अडकून राहते. पुरुषांच्या याद्या तपासताना ही अडचण मला अपवादानेच भेटते. आपल्या व्यवस्थेतला हा सरळ अन्याय आहे असे मी मानते, आणि तो घडायला कुणाला वाईट हेतूने काही करावे लागत नाही, ही त्यातली जास्त वाईट गोष्ट आहे. या बाईंच्या आकड्यात एका अनोळखी सर्जनची मेहनत होती आणि त्यांची स्वतःची तरुणपणची मेहनत नव्हती.

यावर उपाय आहे. ऑक्टोबर २०१२ पासून ऑर्किड नावाचा सोळा अंकी ओळखक्रमांक फुकट मिळतो. नाव बदलले, संस्था बदलली, तरी क्रमांक तोच राहतो, आणि जुनी नावे त्याच खात्यात नोंदवता येतात. आमच्याकडे पीएचडीला नाव घातलेल्या प्रत्येक मुलीला मी तो पहिल्या पेपरच्या आधी काढायला सांगते. दुसरे सांगणे गूगल स्कॉलरबद्दल: नवे पेपर आपोआप जोडण्याची सोय बंद करा, प्रत्येक पेपर स्वतः पाहून घ्या. परके पेपर बहुतेक याच वाटेने शिरतात, आणि आकडा वाढलेला पाहून ते काढायला हात उचलत नाही. स्कोपस या दाखल्यांच्या सूचीत चूक कळवायची सोय आहे. वेळ लागतो, पण दुरुस्ती होते.

खाते वेगळे झाल्यावर बाईंचा इंडेक्स खाली आला. माहेरच्या नावावरचे पेपर जोडले तेव्हा तो थोडा सावरला, तरी आधीच्या फुगलेल्या आकड्याइतका झाला नाही. त्या सर्जनपेक्षाही तो कमीच राहिला, आणि त्यात नवल नाही. वैद्यकात पेपर जास्त निघतात, एकेका पेपरवर सात-आठ नावे असतात, दाखले लवकर जमतात. वनस्पतीला वाढायलाच हंगाम लागतो. या दोन आकड्यांची तुलना कुठल्याही निवड समितीने करू नये. संशोधनाचे मूल्यमापन कसे करावे याबद्दलच्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यानेही नियतकालिकाच्या आकड्यांवरून माणूस जोखण्याविरुद्ध स्पष्ट सांगितले आहे. अर्जासोबत पाच निवडक पेपर मागवावेत, आणि समितीतल्या निदान एकाने ते वाचावेत, असे टिपण मी अशा प्रत्येक यादीला जोडते.

बाईंनी निवडलेल्या पाचांत सर्वाधिक दाखल्यांचा पेपर नव्हता. एक माहेरच्या नावाचा होता, पीएचडीच्या तिसऱ्या वर्षातला, आणि अळीच्या पचनावरचा तो ट्रिप्सिनचा पेपर त्यांनी सर्वांत वर ठेवला होता.