मागची सीट

टँडम सायकलवर मागं बसणाऱ्याच्या हाताशी ब्रेक नसतो, गिअर नसतो आणि समोरचा रस्ताही दिसत नाही. हँडल असतं, पण ते पुढच्याच्या सीटखाली घट्ट आवळलेलं, वळत नाही. मला दिसते नवऱ्याची पाठ आणि दोन्ही बाजूंना शेतं. चौफुल्याला चहाला थांबलो की कुणीतरी विचारतंच, "चालवतात ते, मग तुम्हाला कसला दम लागतो?" हा प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही. दर वेळी सायकलच्या डाव्या बाजूची चेन दाखवते.

उजवीकडची चेन मागच्या चाकाला जाते, ती सगळ्यांच्या ओळखीची. डावीकडची चेन दोघांचे क्रँक एकमेकांना जोडते. तिला टायमिंग चेन म्हणतात. एकाचा पाय फिरला की दुसऱ्याचा फिरणारच. त्यानं पाय थांबवला आणि मी बेसावध असले, तर हिसका थेट गुडघ्यात बसतो. म्हणून आमचे शब्द ठरलेले आहेत. 'सोड' म्हणजे पाय थांबव. 'गिअर' म्हणजे क्षणभर जोर काढून घे, चेनला वाव दे. 'खड्डा' ऐकू आला की मी पेडलवर भार घेऊन सीटवरून अंग उचलते. एकट्याच्या सायकलवर डोळे हे काम परस्पर उरकतात. इथे डोळे त्याचे आणि पाठीचे मणके माझे.

उलट दिशेनंही बरंच काही जातं. बाटली काढायला मी वाकले तरी त्याला हँडलवर कळतं. पुढं काय आहे हे पाहायला मान बाहेर काढली तर सायकल त्या बाजूला ओढते. मागच्या सीटवर सगळ्यात अवघड काय, तर कंबरेच्या वर स्थिर राहणं आणि कंबरेखाली जीव ओतणं. हे जमायला मला दम लागण्याच्या कितीतरी पलीकडची मेहनत पडली. पुण्याच्या दिव्यांशु गणात्रांना दृष्टी नाही. टँडमवरून ते मनालीहून खारदुंगल्यापर्यंत गेले. मागच्या सीटवरून रस्ता पायांनी वाचता येतो याचा याहून मोठा दाखला मला माहीत नाही.

माझं माहेर दौंडचं. वडील वाफेच्या इंजिनावर फायरमन होते. ते सांगायचे, चढ लागल्यावर कोळसा टाकून उपयोग नसतो. वाफ आधी तयार पाहिजे, म्हणजे चढाच्या अलीकडेच फावडं चालवायचं. ड्रायव्हरनं सांगायची वाट बघणारा फायरमन गाडी अडवतो. टँडमच्या मागच्या सीटचं काम याहून नेमकं मला कुणी सांगितलेलं नाही. दोघांचं वजन आणि वर सायकलचं, असा सगळा भार चढावर एकदा मंदावला की पुन्हा वेग घेता घेता मांड्या पेटतात. 'चढ' हा शब्द त्याच्या तोंडून निघायच्या आत पेडल किंचित जड झालेलं मला तळपायात कळतं, आणि मी तिथेच जोर लावते.

सपाटीवर मात्र टँडमसारखी सायकल नाही. पाय चार, पण वारा जवळपास एकाच अंगाला कापावा लागतो. सह्याद्रीच्या घाटांत सडे सायकलस्वार आमच्या पुढं निघून जातात. इकडे भीमा-घोडेच्या मुलखात आम्ही त्यांना गाठतो, विशेषतः उन्हाळ्यात दुपारी पश्चिमेचा वारा तोंडावर येतो तेव्हा. आमची सरावाची फेरी ठरलेली आहे: शिरूरहून न्हावरे, पारगावला भीमा ओलांडून केडगाव-चौफुला, मग सोलापूर रस्त्यानं पाटस, कुरकुंभ आणि दौंड. परतताना पुन्हा भीमा ओलांडून काष्टी, तिथून घोड ओलांडून इनामगाव आणि न्हावरे. इनामगावला डेक्कन कॉलेजनं उत्खनन केलं, तेव्हा तीन हजार वर्षांहून जुनी शेतकऱ्यांची वस्ती सापडली. तिथे आम्ही पाणी प्यायला थांबतो, आणि मला दर वेळी त्या वस्तीकडे जाणाऱ्या वाटेचं कुतूहल वाटतं. नवऱ्याला मागच्या ब्रेकचं.

गळिताच्या हंगामात पहाटे न्हावऱ्याजवळ रस्ता बदलून जातो. दोन-दोन ट्रेलर लावलेले ट्रॅक्टर, मागं दिवा नाही. बैलगाड्यांतून पडलेल्या उसाच्या कांड्या डांबरावर. एका पहाटे आमच्या दिव्याच्या झोतात गाडी आली. बाई उसावर बसून कासरा धरलेली, माणूस बैलांच्या पुढं चालत होता. ऊसतोडीला नवरा-बायको जोडीनं येतात. उचलही जोडीलाच मिळते आणि फिटेपर्यंत दोघांनाही राबावं लागतं. आमच्या हौसेला त्यांच्या कष्टाशेजारी बसवायची माझी छाती नाही. पण दोघांपैकी एकानं हात आखडला तर काय होतं, हे तिला माझ्याहून जास्त ठाऊक असणार, एवढं त्या दहा-पंधरा पावलांत मनात येऊन गेलं. तिनं आमच्याकडे वळून पाहिलं, माझ्याकडे जरा जास्त वेळ.

हा सगळा सराव बीआरएमसाठी. पुण्याच्या दिव्या ताटे यांनी ही लांब पल्ल्याची फ्रेंच पद्धत भारतात रुजवली. शर्यत नाही, नंबर नाही. वेळेत पोचायचं आणि मधल्या ठिकाणी कार्डावर शिक्का घ्यायचा. 200 किलोमीटरला साडेतेरा तास, 300 ला वीस, 400 ला सत्तावीस, 600 ला चाळीस. टँडमला सवलत नाही, पण कार्डं दोन मिळतात, एक त्याच्या नावाचं आणि एक माझ्या. मला ते फार योग्य वाटतं.

आमच्या 300 मध्ये रात्रीचं बोलणं हळूहळू आटलं. आधी गप्पा संपल्या, मग चिडचिडही संपली, शेवटी ते चार शब्दच उरले. मग तो 'खड्डा' म्हणायला उशीर करू लागला. पाठ सरळ होती, हात पक्के होते, फक्त शब्द अर्ध्या क्षणानं मागं पडत होता. झोप त्याच्या डोळ्यांत उतरलीय, हे त्याच्या आधी मला कळलं. मी 'थांब' म्हटलं. त्यानं कारण विचारलं नाही. बंद टपरीच्या बाकड्यावर तो पंधरा मिनिटं झोपला, मी घड्याळ आणि सायकल राखत बसले. त्यानंतर शेवटच्या शिक्क्यापर्यंत त्याचा एकही शब्द उशिरा आला नाही.

आता 400 ची तयारी चालू आहे. तिथे रात्र पूर्ण काढावी लागते, म्हणून कधी थांबायचं हा निर्णय आम्ही आधीच माझ्याकडे दिला आहे. टायमिंग चेन नवी घातली आहे. पुढच्या रविवारी दौंडला उलट्या बाजूनं जाऊ, म्हणजे इनामगाव सकाळी लागेल आणि वस्तीकडे जाणाऱ्या वाटेनं जरा आत जाता येईल.