परसातले पाहुणे

मुलांनो, चतुराच्या शेपटीला दोरा बांधून उडवलंय ना कधी? लहानपणी मीही उडवलंय. आता दापोलीजवळच्या आमच्या घरी त्यांना मी पाहुणे म्हणून बोलावतो.

परसात उन्हात दगडी डोण ठेवली. पाणी भरलं, पाणवनस्पती लावल्या, उभ्या काड्या खोचल्या. गप्पी मासे मात्र सोडले नाहीत, कारण ते चतुराची पिल्लं खातात.

"डास होतील रे!" आई रागावली. मग मी रोज गाळणीने डासांच्या अळ्या काढू लागलो. पावसाळ्यात चतुरांच्या माद्या शेपटी पाण्याला टेकवत अंडी घालून गेल्या. पिल्लं पाण्यातच वाढली, अळ्या मटकावू लागली. माझी गाळणी सुटली!

एका पहाटे काडीवर रिकामी कात दिसली. शेजारी नवे पंख वाळवत चतुर बसलेला. आई हळूच म्हणाली, "दोरा बांधू नको हं!"