मागचा नट

बुद्धविहाराच्या मागे, पत्र्याच्या शेडखाली उभी असलेली पांढरी अॅम्बेसेडर ठाऊक नाही असा आपल्या विद्यालयाचा माजी विद्यार्थी विरळा. संस्थापक गुरुजी याच गाडीतून देणगीसाठी गावोगाव हिंडले. ज्वारीची पोती, वसतिगृहाच्या सतरंज्या, मिलिंद महाविद्यालयातून मागून आणलेली जुनी पुस्तके, आणि रात्री-अपरात्री तापाने फणफणलेली मुले या गाडीने वाहिली आहेत. गुरुजींच्या पश्चात ती बंद पडली ती पडलीच. सुवर्णमहोत्सवाच्या मिरवणुकीत ही गाडी स्वतःच्या बळावर चालली पाहिजे, ढकलत नेणे आम्हांस मान्य नाही, असा ठराव माजी विद्यार्थ्यांच्या बैठकीत एकमताने झाला. संपादक मंडळाने आम्हांस विद्यालयाचा इतिहास लिहावयास सांगितले होते. त्या इतिहासावर या अंकात आमच्यापेक्षा अधिकारी माणसांनी लिहिले आहे. आम्ही येथे एका नटाविषयी लिहीत आहोत.

उभ्या गाडीतले पेट्रोल हळूहळू उडून जाते आणि मागे राळेसारखा चिकट थर उरतो. कार्बोरेटरच्या वाटीत तो थर साचला, की फ्लोट अडकतो, जेटची बारीक भोके बुजतात आणि इंजिनाला हवा मिळाली तरी पेट्रोल मिळत नाही. तेव्हा कार्बोरेटर उतरवून धुण्यावाचून गत्यंतर नव्हते. काम सांगायला सोपे आहे. हवेची गाळणी काढावी, पेट्रोलची नळी सोडावी, चोकची तार व अॅक्सिलरेटरचा दांडा मोकळा करावा, डिस्ट्रिब्युटरकडे जाणारी बारीक नळी उपसावी. मग उरतात दोन नट. त्यांपैकी समोरचा, दिसणारा नट पाच मिनिटांत निघाला. मागचा निघेना.

हा मागचा नट कार्बोरेटरच्या पोटाखाली, इंजिनाच्या अंगाला असतो. वर वाटीचा फुगवटा, एका बाजूस अॅक्सिलरेटरची कळ, पलीकडे टॅपेट कव्हर. गोटी पाना सरळ उतरत नाही, कारण वर जागा नाही. फिक्स पाना आडवा शिरतो, पण फिरवायला लागलो की चार बोटे जाताच दांडा कशाला तरी आपटतो. त्यात आणखी एक अडचण होती. ही गाडी मूळच्या इंग्रजी मॉरिस ऑक्सफर्डवरून घडलेली, म्हणून तिचे नट इंचाच्या मापाचे. या नटाला अर्ध्या इंचाचा, म्हणजे १२.७ मिलिमीटरचा पाना लागतो. पूर्वी कोणीतरी हाताशी असलेला १३ चा पाना लावून जोर केलेला दिसत होता. तीन दशांश मिलिमीटरचा तो ढिलेपणा नटाच्या कडा गोल करायला पुरेसा झाला होता. तालुक्यात स्वतःचे गॅरेज चालविणारा आमचा एक माजी विद्यार्थी आणि एस.टी.च्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले, आमच्याहून चार वर्षांनी ज्येष्ठ असे एक माजी विद्यार्थी, असे दोघे जाणते हात कामाला होते. आम्ही बॅटरी धरून उभे होतो. इतिहासाच्या शिक्षकाकडून याहून जास्त अपेक्षा कोणी केली नव्हती.

पण तो नट आमच्या ओळखीचा होता.

१९७९ साली आम्ही नऊ वर्षांचे असताना जिल्ह्याच्या ठिकाणी एका गॅरेजात कामाला होतो. दिवसाला आठ आणे आणि दोन वेळचा चहा. मिस्त्री वाईट माणूस नव्हता, हे आधीच नोंदवून ठेवतो. त्याने आम्हांस मारले नाही आणि कामही शिकविले. फिक्स पाना पुढे जाईना की तो ओरडायचा, "पलटी मार!" पाना उलटा करून लावला, की तो नेमका पुढच्या जागी बसायचा. असे का होते हे त्याला सांगता येत नव्हते आणि आम्हांस विचारण्याचे धाडस नव्हते. पुढे याच विद्यालयात आठवीला भूमितीच्या सरांनी फळ्यावर षट्कोन काढला, तेव्हा ते उकलले. षट्कोनी नटाची पुढची बाजू पकडायची तर पाना ६० अंश फिरायला हवा. पण फिक्स पान्याचे तोंड दांड्याशी १५ अंशांनी तिरपे केलेले असते, म्हणून उलटा केल्यास ३० अंशांत काम भागते. त्या तासाला आम्ही एकटेच हसलो आणि सरांनी बाकावर उभे केले.

मिस्त्रीला आमची खरी गरज मात्र पान्यापुरती नव्हती, हातापुरती होती. मोठ्या माणसाचा पंजा जेथे जात नाही तेथे नऊ वर्षांच्या पोराचा जातो. अॅम्बेसेडर आली, की "पोऱ्या, मागचा नट" अशी हाक यायची. या इंजिनात हवा-पेट्रोल आत जाण्याची आणि जळका धूर बाहेर पडण्याची वाट एकाच अंगाला आहे. कार्बोरेटरच्या खाली धुराची बिडाची नळी तापलेली असते, आणि मागच्या नटाला बोटे लावायची तर हाताची मागची बाजू तिच्यावर टेकते. बीड निवायला तासभर लागतो. गिऱ्हाइकाला तेवढा वेळ नसे. आमच्या उजव्या हातावर करंगळीच्या मुळाशी जी काळपट चकाकी आहे, ती तेथली. वर्गात मुलांनी विचारले, की इतकी वर्षे आम्ही 'लहानपणी चुलीपाशी भाजले' असे सांगत आलो.

१९८० च्या उन्हाळ्यात गुरुजींची गाडी त्या गॅरेजात आली. हीच गाडी. हाक आली, आम्ही बाही वर केली. गुरुजींनी विचारले, "इंजिन गरम आहे ना?" मिस्त्री म्हणाला, "त्याला सवय आहे, साहेब." गुरुजी म्हणाले, "निवू द्या. मी थांबतो." आणि ते ऑइलच्या रिकाम्या पिंपावर बसून राहिले. त्या तासात त्यांनी आम्हांस तीन प्रश्न विचारले. नाव काय, बाप काय करतो, आणि वाचता येते का. तिसऱ्याला आम्ही भिंतीवरची तेलाच्या डब्याची जाहिरात वाचून दाखविली. इंजिन निवल्यावर नट आम्हीच काढला आणि आम्हीच बसविला. जूनमध्ये गुरुजी आमच्या वडिलांना भेटायला वस्तीवर आले. वडिलांना आठ आण्यांचा हिशेब पडला होता. त्यांचे मन वळवायला गुरुजींना तीन फेऱ्या कराव्या लागल्या. आता शेडमधला नट तोच, असा आमचा दावा नाही. मधल्या काळात गाडी किती हातांतून गेली कोण जाणे, आणि पुराव्याविना बोलणे आमच्या विषयाला शोभत नाही.

येथे विषयाची एक खोड सोडून जाववत नाही. १८८१ च्या कारखाना कायद्याने हिंदुस्थानात ७ वर्षांखालील मुलांना कामास मनाई केली आणि ७ ते १२ वयाच्या मुलांना दिवसाला ९ तासांची मर्यादा घातली. बाबासाहेबांनी ज्या संविधानाचा मसुदा सिद्ध केला, त्याचे २४ वे कलम १४ वर्षांखालील मुलास कारखान्यात, खाणीत वा अन्य धोक्याच्या कामात ठेवण्यास मनाई करते. १९४८ च्या कारखाना कायद्यातही हीच वयोमर्यादा होती. परंतु आमच्या गॅरेजात मिस्त्री धरून माणसे चार. कायद्याच्या लेखी तो कारखानाच नव्हता. बालकामगारांचा स्वतंत्र कायदा १९८६ चा, आणि १४ वर्षांखालील मुलांना सरसकट सर्व व्यवसायांत मनाई करणारी दुरुस्ती २०१६ ची. तीतही घरच्या व्यवसायात शाळेनंतर मदत करण्याची वाट ठेवलेली आहे. ती किती रुंद होते, हे आमच्या वर्गातल्या सोमवारच्या हजेरीवरून आम्हांस कळते.

तर, शेड. नटाला रात्रभर पातळ तेल सोडून ठेवले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी दोघे जाणते पुन्हा झगडू लागले. भोवती वसतिगृहाची मुले जमली होती. एकाएकी सहावीतल्या एका मुलाने दोघांच्या मधून हात घातला आणि आनंदाने म्हणाला, "सर, माझा हात जातोय बघा. नटाला बोट लागलं."

"हात काढ!" आम्ही ओरडलो. इतक्या मोठ्याने, की विहारात झाडलोट करणारे भन्ते बाहेर आले.

मुलाने हात काढला. त्याचा चेहरा पडला. इंजिन चौदा वर्षे थंड होते. त्याची चूक काहीच नव्हती; उलट त्याची उत्सुकता वर्गात आम्ही वाखाणली असती. ज्येष्ठ मित्र म्हणाले, "अरे, काढू दे की त्याला." आमच्याने 'हो' म्हणवेना आणि 'नाही' का, हेही सांगता येईना. शेवटी आम्ही बाही वर केली आणि त्या मुलाला डाग दाखविला. चुलीची गोष्ट खोटी होती, हे पन्नाशी उलटल्यावर प्रथमच मुलांसमोर कबूल केले.

मुलाने डाग निरखून पाहिला आणि विचारले, "मग त्या मिस्त्रीने पाना का नाही वाकवला, सर?"

आम्ही म्हणालो, "पाना विकत घ्यावा लागतो, बाळा."

गॅरेजवाला विद्यार्थी काही न बोलता उठला. त्याने पेटीतला अर्ध्या इंचाचा जुना रिंग पाना घेतला आणि मोटारसायकलवर टांग टाकून गावातल्या लोहाराकडे गेला. तासाभराने तो पाना मान वाकवून आला. रिंगेची भिंत घासून पातळ केलेली, दांडा आधी खाली आणि मग वर वळवलेला. असा तापवून वाकवलेला पाना मऊ पडतो, जन्मभर टिकत नाही, पण एका नटापुरता पुरतो. रिंगेला बारा दाते, म्हणजे दर खेपेस ३० अंश. पाना वाटीच्या फुगवट्याला वळसा घालून नटावर बसला. गोल झालेल्या कडांवर तो धरेल की नाही याची धाकधूक होती. ज्येष्ठ मित्रांनी पान्याच्या मानेवर हातोडीचे दोन हलके ठोके दिले, मग दांड्यावर एकच झटका. कर्र आवाज झाला.

"आता तू," आम्ही त्या मुलाला म्हणालो. तो स्टुलावर चढला. पाना वरूनच धरायचा होता, हात बाहेरच राहत होता. तीस अंश, उचल, पुन्हा तीस अंश. बाकीची मुले मोजू लागली. चोविसाव्या खेपेला, म्हणजे नटाचे दोन फेरे झाल्यावर, नट सैल पडला आणि पाना नुसताच घसरू लागला. पुढचे काम बोटाचे होते.

"सर, बोटाने फिरवू?"

आम्ही आधी स्वतः हात घातला. नटापर्यंत तो गेलाच नाही, मनगटाशी अडकला. पण खालच्या बिडावर तळवा टेकला. बीड गार होते, थोडे दमट.

"फिरव," आम्ही म्हणालो.

त्याने डोळे मिटून, बोटांच्या टोकांनी फिरविला. शेवटच्या आट्याला नट निसटला, कुठेतरी टणटणला आणि नाहीसा झाला. कार्बोरेटर वर उचलताच गॅरेजवाल्याने खालच्या भोकात फडक्याचा बोळा कोंबला, आणि मुले गाडीखाली शिरली. संध्याकाळच्या वंदनेची घंटा झाली तेव्हा नट चासिसच्या पट्टीवर मातीत सापडला. सगळ्यांचे हात कोपरापर्यंत काळे होते. भन्तेंनी घंटा थांबवून रॉकेलची बाटली आणि साबण पाठविला.