बर्णबाचा आनंद

आमच्या देवळांत दर रविवारीं उपासनेपूर्वीं तरुणांचा पवित्र शास्त्राचा वर्ग भरतो. गेलीं बावीस वर्षें तो मी चालवीत आहें. महाविद्यालयांत शेक्सपिअर आणि मिल्टन शिकविणाऱ्या माणसाला बोलण्याची संवय असतेच. त्यामुळें माझा वर्ग चांगला होतो असा लौकिक आहे, आणि तो मला आवडत नाहीं असें म्हणणें खोटें होईल.

फार वर्षांपूर्वीं या वर्गांत एक मुलगा येऊं लागला. मोटारदुरुस्तीचें काम तो शिकत होता. दहावीला दोनदां नापास झालेला. नखांतलें काळें तेल रविवारींहि निघालेलें नसे. रागीट तर इतका कीं, एकदां भर वर्गांत त्यानें शेजाऱ्याची गचांडी धरली. मीं त्याला हाताशीं धरिलें, पुस्तकें दिलीं, चारचौघांत प्रार्थना करावयास शिकविलें. ‘हा माझा विद्यार्थी’ असें मी पुढें कौतुकानें सांगत असें. त्या वाक्यांतील ‘माझा’ या शब्दावर माझा आवाज किंचित् चढत असे, हें मात्र तेव्हां माझ्या ध्यानांत आलें नाहीं.

गेल्या नाताळच्या आठवड्यांत तो प्रार्थनासभेंत उभा राहिला. आतां तो चाळिशीला आला आहे. विहिरीच्या पाण्यावरून सख्ख्या भावाशीं त्याचा नऊ वर्षें अबोला होता. प्रकरण कोर्टांत गेलें होतें. तो म्हणाला, “दावा मीं काढून घेतला. काल भावाच्या घरीं गेलों. वहिनीनें चहा केला. भाऊ कांहीं बोलला नाहीं. पण निघतांना फाटकापर्यंत आला.” एवढें सांगून तो खालीं बसला. सभा क्षणभर स्तब्ध झाली. मग एका वृद्ध बाईंनीं गीत आरंभिलें.

मला आनंद झाला काय? खरें सांगावयाचें तर, नाहीं. प्रथम वाटलें, क्षमेचा हा धडा मींच याला दिला. आणि लगेच मनांत कांहींतरी सलूं लागलें. वडिलांच्या घराच्या वाटणीवरून माझ्याहि धाकट्या भावाचें आणि माझें सहा वर्षें बोलणें नाहीं. त्या सहा वर्षांत क्षमेवर मीं किती वेळां सुंदर विवेचन केलें असेल! बाहेर पडतांना तो माझ्याजवळ आला आणि पूर्वीच्याच नम्रतेनें त्यानें विचारलें, “सर, मीं बरोबर केलें ना?” मला उत्तर देतां आलें नाहीं. थंडीचें कांहींतरी बोलून मी घरीं आलों.

त्या रात्रीं मीं ‘प्रेषितांचीं कृत्यें’ उघडलीं. बर्णबाची गोष्ट मीं अनेकदां शिकविली आहे. अंत्युखियाच्या नव्या मंडळीवरील देवाची कृपा पाहून त्याला हर्ष झाला. पण तो हर्ष घेऊन तो स्वस्थ बसला नाहीं. तार्स नगरास जाऊन त्यानें शौलाला शोधून आणिलें. ज्या शौलाचें नांव ऐकून यरुशलेमांतले शिष्य भीत होते, त्याचा हात पूर्वीं धरणाराहि बर्णबाच. पुढें दोघे प्रवासास निघाले, तेव्हां ‘बर्णबा व शौल’ असा नांवांचा क्रम होता. कुप्र बेटांत, म्हणजे आजच्या सायप्रसमध्यें, तो क्रम पालटला. तेथून पुढें बहुधा पौलाचें नांव आधीं येतें. आणि कुप्र ही तर बर्णबाची जन्मभूमि! आपल्याच भूमींत आपलें नांव मागें पडलें, तरी त्यानें कुरकुर केल्याची एकहि ओळ लूकानें लिहिलेली नाहीं. पुढें पौलाशीं त्याचा तीव्र मतभेद झाला, तो मार्काला पुन्हां सोबत न्यावें कीं नाहीं यावरून. म्हणजे भांडला तोहि स्वतःच्या मानासाठीं नव्हे, दुसऱ्या एका डळमळीत तरुणासाठीं.

तेव्हां मला उमगलें कीं, आत्म्याची वाढ ही वडिलार्जित इस्टेट नव्हे. एकाच्या वांट्याला अधिक आलें म्हणून दुसऱ्याला उणें पडत नाहीं. आपण घरांचीं मोजमापें करणारीं माणसें. तीच मोजपट्टी घेऊन आपण देवळांतहि जातों. पंढरीच्या वाटेवर वारकरी वय वा जात न पाहतां एकमेकांच्या पायां पडतात. आम्ही ख्रिस्ती लोक ज्याला सहभागिता म्हणतों, तिचें मर्म याहून फारसें निराळें नसावें. बंधूच्या वाढीचा आनंद ज्याला व्हावयाचा, त्यानें ती वाढ आपल्या खात्यावर मांडण्याचें आधीं सोडलें पाहिजे. आणि तो आनंद खरा असेल, तर तो आपल्यालाहि जागचा हलविल्यावांचून राहत नाहीं.

नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यांत मीं गांवाकडची एस. टी. धरली. भावाच्या दाराची कडी वाजवितांना दुसऱ्या एका फाटकावरचीं तेलकट बोटें माझ्या डोळ्यांपुढें होतीं. तेथें काय झालें तें सांगण्याचें हें स्थळ नव्हे. परतल्यावर रविवारीं वर्गाच्या दारांत तो भेटला.

“त्या दिवशीं तूं विचारलें होतेंस,” मीं म्हटलें. “बरोबर केलेंस. आज वर्ग तूं घे.”

तो गोंधळला, अडखळत वाचूं लागला. मी मागच्या बांकावर जाऊन बसलों. बावीस वर्षांत तेथून वर्ग कसा दिसतो, हें मीं कधीं पाहिलेंच नव्हतें.